टिकलीखालचं कपाळ

कपाळाच्या मधोमध, टिकलीच्या अगदी मापाचा पांढरा गोल डाग. आमच्या लहानपणी साठी ओलांडलेल्या बायकांच्या कपाळावर तो इतका सर्रास दिसायचा की तो वयाबरोबर येतो, असंच आम्हा पोरींना वाटायचं. वयाशी त्याचा काही संबंध नाही. तो गोंदाचा डाग आहे. टिकलीच्या मागच्या चिकट थरात पॅरा-टर्शरी-ब्युटाइल फिनॉल हे रसायन असलं, तर त्याची रचना टायरोसिन नावाच्या अमिनो आम्लाशी बरीच मिळतीजुळती असते. त्वचेला रंग देणाऱ्या पेशी टायरोसिनपासूनच मेलॅनिन बनवतात. हा तोतया आला की त्या पेशी त्याला कच्चा माल समजून आत घेतात आणि मरतात. रोज तीच जागा, सकाळी अंघोळ झाल्यापासून रात्री आरशाच्या कडेला टिकली चिकटवून ठेवेपर्यंत. अशी वर्षं गेली की त्या जागेवर रंग बनवायला कुणी उरतच नाही.

हे रसायन मला कॉलेजात कळलं. बाकीचं सगळं माझ्या आत्तीला आधीपासून माहीत होतं.

आत्तीचं सांगलीत हरभट रोडच्या मागच्या बोळात कटलरीचं दुकान. कटलरी म्हणजे काटे-चमचे नव्हेत, हे पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी सांगून ठेवते. बांगड्या, रिबिनी, गंगावनं, पिना, बेन्टेक्सचे दागिने, नेलपॉलिश, स्नो-पावडर आणि टिकल्यांची पाकिटं. सुट्टीत मी तिथं स्टुलावर बसून पाकिटं काढून द्यायची. गिऱ्हाईक म्हणायचं, “जरा मोठी दाखव गं.” आत्ती काही न विचारता बरोब्बर एक माप वरचं पाकीट पुढं सरकवायची. दुपारी दुकानात कुणी नसलं की सांगायची, “मसुराएवढी लावणारी बाई दोन-चार वर्षांत वाटाण्यावर येती, मग रुपयावर. बाईची टिकली वाढली की समजायचं, खाली काय तरी झालंय.”

डाग टिकलीनं पडलाय हे त्या बायकांना कळत नव्हतं असं नाही. खाज सुटायची, कातडी लाल व्हायची, मग फिकट. पण पांढरा डाग म्हणजे कोड, आणि कोड म्हटलं की लेकीबाळींच्या सोयरिकीपर्यंत गोष्ट जाते. तेव्हा डाग झाकायचा. झाकायला काय, तर टिकलीच, जरा मोठी. मोठ्या टिकलीला गोंदही मोठा.

आत्ती स्वतः कपाळाला काही लावत नसे. नवरा गेला त्या दिवशी तिची टिकली काढली गेली, आणि खालचा पांढरा गोल आयुष्यात पहिल्यांदा उघड्यावर आला. दुकानात टिकल्यांची शेकडो पाकिटं, आणि स्वतःच्या कपाळावरचा डाग झाकायला त्यातली एक लावायची सोय नाही. मालकिणीच्या कपाळावर मालाचा परिणाम स्पष्ट दिसत होता. तरी माल खपत होता, कारण गिऱ्हाइकांना तो गोल वैधव्याची खूण वाटायची. टिकलीची खूण कुणालाच वाटली नाही.

सौंदर्यप्रसाधनांच्या धंद्याचा इतिहास वाचायला लागल्यापासून मला हाच हिशेब सगळीकडे दिसतो. मालानं चेहरा बिघडतो, बिघडलेला चेहरा झाकायला तोच माल जास्त लागतो, आणि दोन्ही वेळा पैसे त्याच गल्ल्यात पडतात.

टिकलीच्या आधी मेण होतं. माझ्या आजीच्या करंड्यात मेणाची बारकी डबी असे. बोटानं मेणाचा गोल टेकवायचा आणि त्यावर पिंजर दाबायची. पिंजर म्हणजे कोरडं कुंकू. हळकुंडाचे तुकडे लिंबाच्या रसात टाकणखार आणि तुरटी घालून भिजवायचे, सावलीत वाळवायचे, कुटायचे, वस्त्रगाळ करायचे. हळदीतलं कर्क्युमिन आणि टाकणखारातलं बोरॉन आम्लाच्या साथीनं लाल संयुग तयार करतात. वर्गात हा प्रयोग करून दाखवला की पोरं टाळ्या वाजवतात. सांगलीच्या पोरांना हळद नवी नसते. मार्केट यार्डातल्या सौद्यांच्या दिवसांत निम्म्यांच्या बापाच्या सदऱ्याला ती लागलेली असते. हरिपूरला जमिनीखालच्या पेवांत हळद वर्षानुवर्षं टिकायची. २००५च्या पुरात त्यातली कितीतरी पेवं गेली. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तोवर पेवांची सद्दी जवळजवळ संपली होती. असो, विषय कुंकवाचा.

हळदीचं कुंकू करायला वेळ लागतो आणि हळदीला भाव असतो. त्यामुळे बाजारात स्वस्त पावडरीला कृत्रिम रंग देऊन केलेलं कुंकू आलं. शेंदराची गोष्ट तर आणखी वेगळी. मारुतीला जो शेंदूर चढतो तो मुळात शिशाचं ऑक्साइड. उत्तरेकडे बायका भांगात भरतात त्या सिंदूरमध्येही शिसं सापडतं. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी न्यू जर्सीतल्या आणि भारतातल्या दुकानांतून असे ११८ नमुने घेऊन तपासले. भारतातल्या नमुन्यांपैकी ७८ टक्क्यांत आणि अमेरिकेतल्या ८३ टक्क्यांत ग्रॅममागे एक मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त शिसं निघालं. डोळ्यांत घालायचा खरा सुरमा तर थेट शिशाचं सल्फाइड. घरी एरंडेलाच्या दिव्यावर ताट धरून केलेलं काजळ म्हणजे नुसती काजळी, ती त्यामानानं गरीब बिचारी.

“परंपरेतलं ते सगळं शुद्ध आणि कारखान्यातलं तेवढं विषारी” असं म्हणणाऱ्यांशी मी म्हणूनच वाद घालत नाही, सरळ विषय बदलते. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये सांगलीत ‘सीतास्वयंवर’ हे नाटक केलं, त्याचा आम्हाला सार्थ अभिमान आहे. पण जुन्या रंगपटातला सफेदा, म्हणजे नटांनी तोंडाला लावायची पांढरी पूड, शिशाचा की जस्ताचा हे दुकानदाराच्या इमानावर होतं, आणि लाल रंगाचा हिंगूळ म्हणजे पाऱ्याचं सल्फाइड.

युरोपात शिशाच्या सफेद्याचा थाट दोन-तीनशे वर्षं टिकला. व्हिनेगरच्या वाफेवर शिशाचे पत्रे ठेवायचे, भोवती लिदीची ऊब द्यायची, वर धरलेली पांढरी पूड खरवडून घ्यायची. ती चेहऱ्यावर लावली की त्वचा संगमरवरी दिसते. काही काळानं त्वचा खराब होते, मग जाड थर लावायचा. मारिया गनिंग ही तिथली गाजलेली सुंदरी, लग्नानंतर कॉव्हेंट्रीची काउंटेस. १७६० मध्ये ती ऐन तारुण्यात वारली आणि लोकांनी दोष तिच्या सफेद्याला दिला. खरं तर दोष तिलाच दिला, नटवेपणाचा. हे मला महत्त्वाचं वाटतं. बाईच्या हौशीकडे बोट दाखवलं की डबी बनवणारा अलगद सुटतो. आमच्याकडेही हीच रीत. “कशाला थापायची ती रंगरंगोटी” हे वाक्य ज्या घरात मुलीला ऐकवतात, त्याच घरात सून बघायला जाताना “गोरी आहे ना?” हे पहिलं विचारतात.

१९३०च्या आसपास अमेरिकेत कोरेम्लू नावाचं क्रीम मिळायचं. ओठांवरची, हातांवरची नको असलेली लव घालवण्यासाठी. त्यात थॅलियम ॲसिटेट होतं. थॅलियम म्हणजे उंदीर मारायचं औषध. लव जायचीच, डोक्यावरचे केसही जायचे, पाय लुळे पडायचे, काहींची नजर अधू झाली. नुकसानभरपाईच्या दाव्यांनी कंपनीचं १९३२ मध्ये दिवाळं निघालं, पण सरकारला तिच्यावर बंदी घालता येईना. कारण तिथला १९०६ चा कायदा अन्न आणि औषधांपुरता होता, सौंदर्यप्रसाधनं त्यात नव्हतीच.

मग १९३३ मध्ये लॅश ल्युअर आलं, पापण्या आणि भुवया रंगवण्याचं. त्यातला काळा रंग पॅराफेनिलिनडायअमिनचा, म्हणजे पीपीडीचा. डोळे सुजून, पिकून काही बायका कायमच्या आंधळ्या झाल्या, एक दगावली. सरकारी खात्यानं त्याच वर्षी अशा मालाचं एक प्रदर्शनच भरवलं. त्यात एका बाईचे आधीचे आणि नंतरचे फोटो शेजारी शेजारी लावले होते. तरी कायदा पाच वर्षं रखडला. १९३७ मध्ये सल्फानिलामाइडच्या एका पातळ औषधानं शंभरावर माणसं मेली, त्यात कितीतरी लहान मुलं होती, तेव्हा कुठं १९३८ मध्ये नवा कायदा मंजूर झाला. बायकांचे गेलेले डोळे त्याला पुरेसे पडले नव्हते.

त्या कायद्यातही एक पळवाट ठेवलीच. डांबरापासून काढलेल्या रंगांच्या केसांच्या डायना सूट मिळाली. फक्त वर इशारा छापायचा. ती सूट आजही पुरती सरलेली नाही. आपल्याकडेही पीपीडीवर बंदी नाही, इशारा सक्तीचा आहे. कुठल्याही किराणा दुकानात लटकणारी केसांच्या काळ्या डायची पुडी फोडा. आत बारक्या अक्षरांत छापलेला कागद असतो. आधी थोडं लावून चाचणी घ्या, आणि भुवया किंवा पापण्या रंगवायला वापरू नका, अंधत्व येऊ शकतं. नियमाप्रमाणे हे इंग्रजीबरोबर स्थानिक भाषेतही असावं लागतं. त्या दूरदेशीच्या बायकांचं दुखणं अशा रीतीनं आपल्या मराठीत एका ओळीत येऊन बसलंय आणि कागद हातमोज्यांसकट कचऱ्यात जातो. चाचणी घेऊन डाय लावणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. निवडणुकीच्या दिवसांत आमच्या जिल्ह्यातली समस्त ज्येष्ठ मंडळी एका रात्रीत काळीभोर होतात. त्यातले निम्मे कानामागं खाजवत भाषणं करतात, हे मी पुढच्या रांगेत बसून पाहिलंय. लग्नसराईत ‘काळी मेंदी’ म्हणून हातावर काढतात तिच्यातही बऱ्याचदा हेच असतं. मेंदीच्या पानाचा रंग काळा नसतो, हे सांगायला रसायनशास्त्राची पदवी लागू नये.

अभ्रकाचं थोडक्यात सांगते, कारण तिथला इतिहास माझ्या वाचनापुरताच आहे. लिपस्टिकला आणि आयशॅडोला जी चमक येते ती बहुतेकदा अभ्रकाची, आणि झारखंड-बिहारच्या पट्ट्यात बेकायदा खाणींतून ते अभ्रक वेचणाऱ्यांत लहान मुलं असतात. २०१६ मध्ये त्यांच्या मृत्यूंच्या बातम्या आल्या, तेव्हा मोठ्या कंपन्यांना आपला माल येतो कुठून हे शोधावंसं वाटलं. प्राण्यांवरच्या चाचण्यांवर मात्र भारतानं २०१४ मध्येच बंदी घातली, बऱ्याच देशांच्या आधी. त्याचं श्रेय द्यायलाच हवं.

माणसांवरच्या चाचण्यांची गोष्ट इतक्या झटपट संपत नाही. फिलाडेल्फियाच्या होम्सबर्ग तुरुंगात १९५१ ते १९७४ या काळात अल्बर्ट क्लिगमन नावाचे त्वचारोगतज्ज्ञ कैद्यांच्या पाठी-दंडांवर क्रीमं, शाम्पू, डिओडरंट आणि त्याहून भयंकर गोष्टी लावून बघत होते. कैदी बहुतेक काळे, मोबदला काही डॉलर. पहिल्यांदा तुरुंगात पाऊल टाकलं तेव्हा आपल्याला समोर एकरच्या एकर कातडी दिसली, शेतकऱ्याला सुपीक रान पहिल्यांदा दिसावं तसं वाटलं, असं त्यांनी १९६६ मध्ये एका वार्ताहराला मोकळेपणानं सांगितलं होतं. मी ऊस-हळदीच्या मुलखातली आहे, सुपीक रान बघून माणसाला काय होतं ते मला ठाऊक आहे. म्हणूनच हे वाचून पोटात ढवळलं.

याच क्लिगमननी १९७५ मध्ये एका सहकाऱ्याबरोबर काळ्या डागांवर एक मिश्रण प्रसिद्ध केलं: हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड. औषध म्हणून ते खरंच गुणाचं आहे. डॉक्टरच्या नजरेखाली, मोजके आठवडे. त्याच १९७५ मध्ये आपल्याकडे फेअर अँड लव्हली बाजारात आली. तिच्यातलं मुख्य द्रव्य नियासिनमाइड, म्हणजे साधं ब जीवनसत्त्व. तिचं पाप वेगळं. कातडीला तिनं फारसं काही केलं नसेल, पण सावळी मुलगी नोकरीला आणि नवऱ्याला मुकते, हे तिनं पंचेचाळीस वर्षं घराघरांत जाहिरातींतून पटवलं. २०२० मध्ये नावातलं ‘फेअर’ गेलं आणि ‘ग्लो’ आलं.

गोरेपणाची भूक तिनं लावली आणि भागवली भलत्यांनीच. क्लिगमनच्या धर्तीवरची ट्यूब, स्टेरॉइड बदलून, गावोगावच्या मेडिकलमध्ये शंभर-सव्वाशे रुपयांना मिळू लागली. कोणी चिठ्ठी विचारायचं नाही. माझ्या वर्गातली एक मुलगी, मिरजेच्या बाजूच्या खेड्यातली, हुशार. पहिल्या वर्षी तिचा चेहरा खरंच उजळला, सगळ्याजणी तिला क्रीमचं नाव विचारायच्या. दुसऱ्या वर्षी ती ओढणी तोंडावर घेऊनच वर्गात यायला लागली. गालांवर लालबुंद चट्टे, कातडीतून बारीक शिरांचं जाळं दिसायचं, हनुवटीवर लव. उन्हात पाच मिनिटं उभं राहवत नव्हतं. ट्यूब बंद केली की चेहरा भडकायचा, लावली की दोन तासांत शांत व्हायचा. “मॅडम, क्रीमनंच बरं वाटतंय, मग क्रीम वाईट कसं?” हा तिचा प्रश्न तिच्या बाजूनं बिनतोड होता. मिरजेच्या डॉक्टरबाईंनी तिला ट्यूब बंद करायला लावली, त्यानंतरचे कित्येक महिने तिनं जे सोसलं ते मी जवळून पाहिलं. २०१८ मध्ये सरकारनं अशा चौदा स्टेरॉइड क्रीमांना डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. ती ट्यूब मी गेल्या महिन्यात चिठ्ठीशिवाय विकत घेतली. दुकानदारानं वर दोन रुपयांचं चॉकलेट दिलं, सुट्टे नव्हते म्हणून.

आणि पारा. पारा मेलॅनिन बनवणाऱ्या विकराचं, म्हणजे एन्झाइमचं, काम बंद पाडतो, म्हणून रंग झपाट्यानं उजळतो. तो कातडीतून रक्तात आणि रक्तातून मूत्रपिंडात जातो. केरळात मलप्पुरम जिल्ह्यातल्या कोट्टक्कलच्या डॉक्टरांनी जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळातले मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट विकाराचे बावीस रुग्ण तपासले. पंधरा जणांत त्याचा एक दुर्मीळ प्रकार निघाला आणि त्यातले तेरा जण गोरेपणाचं क्रीम लावत होते. आपल्या अकोल्यात एकाच घरातल्या आई आणि दोन मुलींची मूत्रपिंडं बिघडली, तेव्हा मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या तपासातून धागा निघाला तो क्रीमपर्यंत गेला. कायदा कडक आहे. पारा घालून सौंदर्यप्रसाधन बनवायचंच नाही. चुकून आला तर डोळ्यांभोवतीची प्रसाधनं सोडून दशलक्ष भागांत एक भाग, त्यापलीकडं नाही. पाऱ्यावरच्या मिनामाता या आंतरराष्ट्रीय कराराखाली जगभर हेच ठरलंय, पुढं ती एक भागाची सवलतही काढायचं ठरलं. पण ज्या डबीवर बनवणाऱ्याचं नाव, पत्ता, परवाना क्रमांक काहीच नसतं, तिला कुठला कायदा गाठणार?

नटण्याबद्दल मला आकस नाही, हे सांगायला हवं. लिपस्टिक मीही लावते, परवाना क्रमांक बघून. आत्तीनं या दुकानावर तीन पोरं शिकवली, दिराच्या दारात हात पसरला नाही. घरच्यांपासून लपवून साठवलेल्या पैशांतून स्वतःसाठी काही घ्यायची बायकांची ती गावातली एकच जागा होती. शेवटी शेवटी तर आत्ती स्वतःही बारीक काळी टिकली लावायला लागली होती. नातेवाईक कुजबुजले. ती म्हणाली, “डाग माझा, दुकान माझं, तुमचं काय जातंय?”

दुकान आता तिचा मुलगा, आमचा दादा बघतो. काउंटरवर परवा निळ्या झाकणाच्या डब्या दिसल्या, उर्दूसारख्या लिपीतलं चकचकीत नाव, खाली काही नाही. मी म्हटलं, हे कुठून येतं? म्हणाला, मुंबईहून पार्सल येतं, पार्लरवाल्या नेतात, आठ दिवसांत फरक पडतो. मी त्याला समजावलं, नियासिनमाइडला काही आठवडे तरी लागतात. आठ दिवसांत फरक पाडणाऱ्या क्रीमात पारा असतो नाहीतर स्टेरॉइड, तिसरं सहसा काही नसतं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. दोन डब्या मला दिल्या, पैसे घेतले नाहीत. त्यातली एक पुढच्या आठवड्यात तपासणीला कोल्हापूरला जाईल, फी मी भरली आहे. निघताना दादा पायरीपर्यंत आला.

“रिपोर्टात काय निघालं तर आधी मला फोन कर,” तो म्हणाला. “माल परत घ्यायची त्यांची मुदत महिनाअखेरपर्यंतच आहे.”